बिनवायरीच्या माऊसाचा कौल

आळूचे देठ चिरता चिरता पद्मावतीबाईंनी सुनेच्या माऊसची वायरही चिरली, आणि वर म्हणाल्या, "हो देठ इतको चिवट कसो गो?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, टेबलावरून खाली लोंबलेली वायर, आणि तिच्या शेजारी आदोळी, म्हणजे विळी, मांडून बसलेल्या सासूबाई. व्हायचं ते झालं. सून गौरवी डोक्याला हात लावून उभी राहिली. पण पद्मावतीबाई चूक पदरात घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "देठाच्या रंगाची वायर करूंक त्या कंपनीक कोणी सांगल्यान?" असं विचारून त्यांनी वायरीचे तुकडे केरात टाकले आणि देठ कढईत.

वरून असा तोरा असला, तरी त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. गौरवी त्या घडीला जत्रेचा फलक करत होती. देवळाच्या समितीचे अध्यक्ष गोकुळदास तो डिचोलीत कुणाकडून तरी करून घ्यायला निघाले होते, तेव्हा पद्मावतीबाईंनी भर सभामंडपात शब्द दिला होता, "दुसरो कित्याक? माझी सून करता. आयतारा सांजेक तुमच्या हातात." आज तोच रविवार होता. शब्द गेला, तर जत्रेत कुठल्या तोंडानं मिरवायचं?

"आई, आता बिनवायरीचोच घेवया," गौरवी म्हणाली. "ह्या लॅपटॉपाची बोटान चलवपाची पट्टी केदनाच मेली. आणि वायर नाय तर कापपाची भीती नाय."

"दावणीक बांधूक नाय तां जनावर आणि वायर नाय ती वस्तू, सांजेक घराक परत येयत म्हणून सांगूक येना," पद्मावतीबाई म्हणाल्या. "कौल घेवया."

त्या घरात कौलाशिवाय पान हलत नसे. विहिरीची जागा, मुलगा कृष्णनाथाचं लग्न, त्याच्या स्कूटरचा रंग, सगळं देवाला विचारून. देवानं लाल म्हटलं, म्हणून तो बिचारा आजही कुंकवाच्या करंड्यासारख्या स्कूटरवर बसून कामाला जायचा. तेव्हा गौरवीनं वाद घातला नाही. होकार मिळाला की तिथूनच दुकान गाठता येईल, म्हणून तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि दोघी देवळात गेल्या.

पांडुरंगभटांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यांनी घसा खाकरून गाऱ्हाणं घातलं, "हे देवा म्हाराजा! ह्या घरान बिनवायरीचो माऊस विकत घेवचो काय नाय, ताचो उजवो-डावो निवाडो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागे आपापल्या कौलासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी साथ दिली. सगळ्यांत मोठ्यानं भिकाजी ओरडला आणि मग शेजारच्या तुषारला हळूच म्हणाला, "कसलो कौल रे हो?"

पाकळ्या हलेनात. उदबत्ती अर्धी जळली, पाकळ्या जागच्या जागी.

भिकाजीची चुळबुळ सुरू झाली. "माझी गाय काल सांजेपासून नाय. आणि हंय खेळण्याचो कौल चल्ला!"

"गाय सोदूंक पाय लागतत, भिकाजी," पद्मावतीबाई मागे न बघता म्हणाल्या. "हंय उभो रवलंय त्या वेळात चार मळे बघून येतलंय."

तुषार डिचोलीतल्या एका ऑफिसात कामाला होता. त्यानं पाठीवरच्या बॅगेतून आपला माऊस काढला. "आजी, असोच मा? बघा हातात घेवन."

पद्मावतीबाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, तळहातावर जोखला. मग नारळ पारखावा तसा कानाशी नेऊन हलवला. "खायता काय हो?"

"एक सेल, आजी. म्हयने म्हयने चलता."

"एक?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "आमची बॅटरी तीन खायता आणि गोठ्यापर्यंत उजेड देयना."

इतक्यात गोकुळदास मंडपात आले. "पद्माबाय, फलक खंय पावलो?"

"जाताच आसा," पद्मावतीबाई पापणीही न हलवता म्हणाल्या, आणि तुषारचा माऊस त्यांनी सुनेच्या हातात कोंबला. "बस गो. देव विचार करता तंवसर तू काम कर."

तुषार "पण आजी" एवढंच म्हणू शकला.

गौरवीनं खांबाच्या बैठकीवर लॅपटॉप उघडला. माऊस फिरवायला सपाट जागा मिळेना, तेव्हा शेजारची देवळाची दानपेटी पुढे ओढली आणि तिच्या झाकणावर माऊस ठेवला. हात इकडे, बाण तिकडे, मध्ये काहीच नाही! पालखी झळाळली, पताका लागल्या, देवाच्या नावाची अक्षरं कमळाच्या पाकळ्यांसारखी उमलत गेली. रांग मोडून माणसं देवाकडे पाठ करून तिच्याभोवती जमली. "पालखीच्या फाटीक एक गाय घाल गो," भिकाजी कळवळून म्हणाला. गाभाऱ्याच्या उंबऱ्यातून पांडुरंगभटही मान लांब करत होते.

पद्मावतीबाईंनी सुनेची स्तुती तिच्या तोंडावर कधी केली नव्हती. आजही त्या खांबाकडे बघूनच बोलल्या, "हात बघा तिचो. इतकी वर्सां वायरीन बांधून घातलेलो."

फलक पुरा झाला. गोकुळदासांनी तो तिथूनच छपाईला धाडला आणि म्हणाले, "पद्माबाय, असो फलक आमच्या जत्रेक आजवर लागूक ना."

"पडली!" भट ओरडले.

सगळे गाभाऱ्याकडे धावले. डावी पाकळी खाली पडली होती.

गौरवीचा चेहरा उतरला. तुषारनं माऊस परत घ्यायला हळूच हात पुढे केला. देवाचा कौल पद्मावतीबाईंनी आजवर मोडला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले. "भटा, तुमी देवाक काय विचारलात?"

"विकत घेवचो काय नाय, तां."

"मग देवान काय सांगल्यान? विकत घेव नको." त्या गोकुळदासांकडे वळल्या. "बरोबरच सांगल्यान. पालखी उखलतत त्यांका शेलो, ढोल वाजयतत त्यांका नारळ. आणि फलक करता तिणां माऊस घरसून हाडूचो? देवाक बरां दिसतलां?"

गोकुळदासांनी मूर्तीकडे पाहिलं. तिकडून काही मदत मिळेना. "तुमचा खरां आसा," ते चाचरत म्हणाले, "पण समितीन तरी घेवचो काय नाय, ताचोय एक कौल..."

पांडुरंगभटांनी गोकुळदासांकडे पाहिलं, भिकाजीच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी पद्मावतीबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. मग पाकळ्यांच्या तबकावर त्यांनी अलगद हात आडवा धरला.

"पाकळ्यो सोंपल्यो," ते म्हणाले. "गायीपुरत्यो दोनच आसात."