दुसऱ्या रांगेतली मावशी

"मावशींना घेऊन येतोच, तू टेबल लाव," असं बायकोला फोनवर बजावून विसेंतने ओर्चाता या दुधासारख्या गोड पेयाच्या दुकानासमोर गाडी थांबवली. कडेला जागा नव्हतीच. मग त्याने उभ्या गाड्यांना खेटून दुसऱ्या रांगेत लावली, चाकं सरळ केली, गियर काढला आणि हँडब्रेक मोकळा सोडला. व्हॅलेन्सियात याला कोणी बेशिस्त म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. आतल्या गाडीवाल्याला निघायचं असेल तर त्याने बाहेरची गाडी हाताने ढकलावी आणि खुशाल जावं. हँडब्रेक ओढून जाणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि तो व्हायलाच हवा.

आता मागच्या सीटवर बेनिग्नामावशी गाढ झोपल्या होत्या, हा भाग वेगळा.

"झोपू दे बिचाऱ्यांना, दोन मिनिटांचं तर काम," असं म्हणून विसेंतने काचा खाली केल्या आणि तो थंडगार ओर्चाता आणायला आत गेला.

या मावशी त्याच्या बायकोच्या, एम्पारच्या. आई गेल्यावर एम्पारला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. आता त्या सोरियाकडच्या एका खेड्यात एकट्याच राहत होत्या. त्या खेड्यात हिवाळ्यात माणूस सोडा, कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. एम्पारने कित्येक वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "येते. चार दिवस बघते. करमलं तर राहीन, नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आजचा दिवस शेवटचा. उद्या सकाळी परतीची गाडी. एम्पार काल ओट्याशी उभी राहून रडली, तेव्हा विसेंतने छाती ठोकून सांगितलं होतं, "अगं, मी दाखवल्यावर हा मुलूख कोणाला आवडला नाही असं झालंय का कधी?"

खोटं कशाला बोला, दाखवायला त्याने काही कमी केलं नव्हतं. अल्बुफेराच्या तळ्यात नावेतून फिरवलं. "पाणी आहे," मावशी म्हणाल्या. सागुंतोचा किल्ला चढवला. "पडलाय," म्हणाल्या. शातिवाचा किल्ला चढवला. "हाही पडलाय." शेवटी समुद्रावर नेलं. मावशींनी बराच वेळ समुद्राकडे टक लावून पाहिलं. विसेंतला वाटलं, जमलं! मावशी म्हणाल्या, "एवढं असून पिता येत नाही."

दुकानात शिरताच विसेंतने रीतसर विचारलं, "रांगेत शेवटचं कोण?"

"मी," परगावचा एक पाहुणा म्हणाला आणि आपल्या मित्राला सांगू लागला, "तर पाएयाच्या भातात मी आधी कांदा परततो..."

"कांदा?" विसेंत गर्रकन वळला. व्हॅलेन्सियात पाएयात कांदा घालणं म्हणजे पाप. "पाएयात कांदा? कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

मग दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांचं कसं राहणार? दुकानदार गल्ला सोडून वादात उतरला, मागच्या आजी उतरल्या. पाहुण्याने कान पकडले तेव्हाच विसेंतने बाटली उचलली. विजयी मुद्रेने बाहेर आला, तर गाडी नाही. तिथे पांढरा टेम्पो उभा होता.

"चिमो! माझी गाडी कुठंय?" तो समोरच्या फळवाल्यावर ओरडला.

"निळी ना? मीच ढकलली. संत्री उतरवायची होती. औषधाच्या दुकानापर्यंत गेली बघ छान."

"अरे, आत बाई होती!"

"होती की. विचारूनच ढकलली. म्हणाल्या, ढकला."

विसेंत बाटली छातीशी धरून पळत सुटला. तेवढ्यात फोन वाजला. एम्पार.

"मावशी कशी आहे?"

"मजेत. फिरतायत."

"फिरतेय? तू कुठे आहेस मग?"

"मी मागे आहे. त्या जरा पुढे गेल्यात."

"गाडीतून? मग गाडी कोण चालवतंय?"

"कोणी नाही. म्हणजे... सगळेच," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि पायांचा वेग वाढवला.

औषधांच्या दुकानाबाहेर मालकीण रेमेदियोसबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "तुम्हीच का ते? खिडकीतूनच त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं मी. उत्तम आहे. तुमचं दिसत नाहीये. पुढे चर्चपाशी बघा, नवरदेवाची गाडी अडकली होती."

चर्चपाशी लग्न लागून गेलेलं. पायरीवरच्या म्हाताऱ्या विसेंतला पाहताच तुटून पडल्या. "एवढ्या गोड बाईला टाकून जाता? नवरदेवाने कोट काढून ढकललं हो! पाद्रीबुवांनी झगा सावरत ढकललं! आणि तुम्ही दूध आणायला?"

"गाडी कुठे गेली ते सांगा ना, आजी!"

"त्या पोलिसाकडे बघा."

रस्त्याच्या टोकाला एक पोलीस खरंच त्याच्या गाडीला भिडला होता, पण दंड करायला नव्हे. गाडीच्या मागे हात लावून तो घाम गाळत होता. आतल्या रांगेत त्याचीच जीप अडकली होती.

"साहेब, ती माझी गाडी आहे!" विसेंत धापा टाकत म्हणाला.

"मग बघता काय? लावा हात!"

बाटली काखेत मारून विसेंत स्वतःचीच गाडी ढकलू लागला. आतून खणखणीत आवाज आला, "मागे कोणीतरी अंगचोरपणा करतंय हो! जोर लावा!"

जीप निघाली, पोलिसाने खिडकीशी वाकून "येतो, आजी," म्हटलं आणि गेला. विसेंतने दार उघडलं. मावशींच्या मांडीवर संत्री, लग्नातले साखर लावलेले बदाम आणि कोणाचा तरी पंखा. गाल लाल झालेले.

"मावशी, चुकलं माझं. पाया पडतो, पण एम्पारला सांगू नका. उद्या गाडीत बसवतो तुम्हाला."

"मी कुठे जात नाही उद्या," मावशी म्हणाल्या.

विसेंतला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"अरे, गावी नाताळपासून माझ्या दाराची कडी कोणी वाजवलेली नाही. पडले असते तर कुणाला पत्ता नसता. इथे ओळख ना पाळख, जो तो खिडकीशी वाकतो आणि विचारतो, आजी, ढकलू का?" त्यांनी पंख्याने डोळे झाकले. "किती दिवसांनी मला कोणी काही विचारलं."

विसेंतला मनापासून आनंद झाला, आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. "मावशी, तुमची खोली तयारच आहे आमच्याकडे!"

"तुमच्याकडे? पाचव्या मजल्यावर मला ढकलायला कोण येणार? त्या औषधवाल्या रेमेदियोसची तळमजल्यावर जागा आहे. बोलणं झालंय आमचं. एम्पार रोज येईल, तूही ये."

पुन्हा फोन वाजला. या वेळी तो मावशींनीच घेतला. "एम्पार, राहतेय गं मी."

पलीकडे आधी हुंदका, मग हसू, मग पुन्हा हुंदका. विसेंत बाहेर उभा राहून बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिला.

"खरंच, मावशी? कशामुळे आवडलं गं शेवटी?"

मावशींनी घामाने निथळणाऱ्या जावयाकडे एकदा पाहिलं.

"तुझ्या नवऱ्याने आज शहर दाखवलं," त्या म्हणाल्या. "आणि स्वतः मध्ये मध्ये आला नाही, म्हणून नीट दिसलं."