थंड इंजिनावर हात

मी ज्या माणसाचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव तुळशीराम काका. नात्याने ते आमचे कोणी नाहीत. दिग्रसला आमच्या दारासमोर त्यांचं दार आहे, एवढंच. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल, आणि काका त्याच जिनिंगच्या रुईच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकचे मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण यवतमाळच्या कॉलेजला जायचो ते पुष्कळदा काकांच्या केबिनमध्ये बसून.

तुम्ही काकांकडे गाडीवर गेलात, तर ते तुम्हाला लगेच 'या' म्हणणार नाहीत. आधी तुमच्या गाडीच्या इंजिनावर तळहात ठेवतील, मग तुमच्याकडे पाहतील. एकदा त्यांचे साडभाऊ 'नेरहून थेट आलो, कुठंच थांबलो नाही' असं म्हणत मोटारसायकलवरून उतरले. काकांनी हात लावला.

"इंजिन तं थंड हाये. कोनाच्या घरी जेवले?"

साडभाऊ खरोखरच चौकातल्या मावशीकडे मटण जेवून आले होते. काकूंनी त्यांच्यासाठी केलेलं वरण मग आम्ही संपवलं.

माणसांचीही काका इंजिनासारखीच पारख करतात. तलाठ्याबद्दल त्यांचं मत 'स्टार्टिंग चांगलं, पुलिंग नाही'. गल्लीतल्या पुढाऱ्याबद्दल 'धूर जास्त'. माझ्या वडिलांना ते 'डिझेल कमी, ओढ जबर' म्हणतात, आणि याहून मोठा मान त्यांच्याकडे नाही. लग्न जमवताना लोक त्यांचा सल्ला घेतात. सल्ला एकच असतो: पोराच्या घरी भल्या सकाळी, न सांगता जा. कारण इंजिन विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच ते गरम करून ठेवतो. "गरम झाल्यावर कोनतंबी चालते, बापा. थंडं कसं सुरू होते ते पाह्य." या सल्ल्याने काही सोयरिकी मोडल्या. एक मात्र जागच्या जागी जमली, कारण पाहुणे पोचले तेव्हा मुलगा आईची वेणी घालून देत होता.

पहिल्या वर्षी मी कॉलेज सोडायला निघालो होतो. वर्गातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची आणि मला शेवटच्या बाकावरही घाम फुटायचा. काकांनी ऐकून घेतलं आणि घाट चढता चढता म्हणाले, "चढावर नुसती पावर कामाची नसते. तू पयल्या गिअरात टाक अन् चालत राह्य." मी तसंच केलं.

तर अशा या माणसाच्या ट्रकचं इंजिन मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बसलं. ते खूप दिवसांपासून खोकत होतंच, आता ब्लॉकलाच तडा गेला. कापूस निघायला लागला होता. काकांची गाडी उभी राहिली तर जिनिंगवाले दुसरी लावणार आणि ती लागली की पुन्हा निघणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा नोकरीच्या गावाहून सुटीवर आलो होतो. काका मला घेऊन यवतमाळला जब्बारभाईंकडे गेले. जब्बारभाई जुनी इंजिनं विकतात आणि बसवूनही देतात.

त्यांनी तीन इंजिनं दाखवली. पहिलं अपघातातल्या नव्या ट्रकचं, टर्बोचं. ताकद अशी की भरल्या गाडीने घाटात गिअर बदलायला नको. दुसरं एका जुन्या बसचं. ते बंद पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण ते आमच्या गिअरबॉक्सला जुळत नव्हतं; मधे जोड बनवावी लागणार होती. तिसरं पाण्याच्या टँकरमधून काढलेलं, आमच्या गाडीच्याच जातीचं. ते सरळ बसणार होतं, पण धूर ओकत होतं.

काकांनी तिन्हींवर हात ठेवला. टर्बो कोमट लागलं, म्हणून जब्बारभाईंना 'उद्या थंडं दाखवा' असं सांगून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी तिन्ही थंड होती. मग काकांनी नवीनच प्रकार केला. जब्बारभाईंना इंजिन सुरू करायला सांगून ते रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभे राहिले. तिन्ही इंजिनं त्यांनी अशी लांबून ऐकली.

"काका, इंजन ले रहे हो या बाजे की पेटी?" जब्बारभाईंनी विचारलं.

टर्बोला काकांनी नकार दिला, कारण त्याची शिट्टी वाजते. बसच्या इंजिनाला नकार दिला, कारण ते 'परक्यावानी बोलते'. आणि टँकरचं ते धुरकट इंजिन पसंत केलं. जब्बारभाईंनी डोक्याला हात लावला. मीही माझं शिक्षण पणाला लावून ताकद, टिकाऊपणा, जोड असं सगळं समजावून पाहिलं. काकांनी फक्त रिंगा, पिस्टन बदलून धूर बंद करायला सांगितलं.

ते इंजिन गाडीत बसवून झालं त्या दिवशी काकांनी मला दिग्रसच्या बसस्टँडवर सोडलं आणि पुढे घरी जायला सांगितलं.

"काकूपाशी बस. कोनती गाडी येऊन राह्यली, काई सांगू नको. मी हॉर्न वाजवनार नाही."

"काहून?"

ते जरा वेळ स्टिअरिंग पुसत राहिले. "तिले गाडी ओळखू आली पाह्यजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुगरने गयाकाकूंची नजर गेल्यापासून त्या काकांना गाडीच्या आवाजावरून ओळखतात. आर्णी रोडच्या वळणावर ट्रक आला की त्या चुलीवर तवा ठेवतात. काका दारात येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असते.

मी काकूंजवळ ओट्यावर बसलो. त्या सुपात तुरीची डाळ बोटांनी चाचपून निवडत होत्या आणि नोकरीच्या गावी मला जेवण कोण करून देतं याची चौकशी करत होत्या. रस्त्यावरून ट्रक जात होते. काकूंची मान वर होत नव्हती. मग लांबून एक ट्रक आला. मला तो इतरांसारखाच वाटला.

काकूंची बोटं थांबली.

"तवा ठेव बाबू. आला तुया काका." मग त्यांनी कान जरा तिरका केला. "पन हिचा खोकला कुठी गेला?"

काका उतरले. सवयीप्रमाणे बॉनेटवर हात ठेवून त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहिलं. मी हातातला तवा उंच करून दाखवला. त्याबरोबर तो साठीचा माणूस परत केबिनमध्ये चढला आणि त्याने असा लांबलचक हॉर्न वाजवला की सगळी गल्ली बाहेर आली. तेच इंजिन का घेतलं, असं लोकांनी विचारलं. काकांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "एव्हरेजसाठी."

त्या हंगामात जिनिंगला दुसरी गाडी लागली नाही. गाठी लादून काका पुसदकडचा घाट पहिल्या गिअरात चढत राहिले, मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

मी आता जळगावला शिकवतो. काकांना फोनवरचं बोलणं पटत नाही. फोनवर सगळेच गरम असतात म्हणे. माणूस थंड असताना कसा आहे ते चिठ्ठीत कळतं. म्हणून परवा त्यांना हे पत्र पाठवलं:

"ती. काकांना साष्टांग नमस्कार. नव्या इंजिनाला सुरुवातीला सांभाळून चालवतात, तसं मलाही इथे चालवत होते. ते संपलं. सोमवारी मला नोकरीत कायम केल्याचा आदेश मिळाला. वडिलांना तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून त्यांना ते जास्त खरं वाटेल. इथे चढ आहे, पण मी अजून पहिल्या गिअरातच आहे, आणि धूर नाही.

दिवाळीला येतो. बसने आलो तर काकूंना कळणार नाही, बस सगळ्यांचीच असते. म्हणून तुम्ही गाडी घेऊन आर्णीला या. मी केबिनमध्ये बसेन. वळणावर हॉर्न वाजवू नका. काकूंना फक्त एवढं सांगून ठेवा की, त्या दिवशी दोन भाकरींचं पीठ जास्त मळायचं आहे.

तुमचा विलास."