बोनिफास मोथाची दुःखद रजा

बोनिफास मोथाने घरात समुद्र आणायचं ठरवलं, तेव्हा खरा समुद्र त्याच्या दारापासून चालत नऊ मिनिटांवर होता. गल्लीतून सरळ गेलं, चर्चला वळसा घातला की समोर पाणीच. पण बोनिफास त्या बाजूला फारसा फिरकत नसे. त्याचे आजोबा, पणजोबा आणि त्यांचेही बाप पाण्यात आयुष्य काढून गेले. हा मात्र तूतुकुडीतल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाला. त्याला पोहता येत नव्हतं. (बोटीत बसलं की त्याला मळमळायचं. बोट किनाऱ्याला बांधलेली असली तरी मळमळायचं.)

कळ काढली ती साडूने. हा आरोक्यराज राहायचा मदुरैला, समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, आणि तिथे त्याने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची पाच फुटी टाकी ठेवली होती. आत निळा उजेड, डुलणारी प्रवाळं, केशरी मासे. एका लग्नाच्या निमित्ताने मंडळी जमली होती, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत बोनिफासला विचारलं, "ओळखा पाहू, हा मासा कोणता?"

"केशरी," बोनिफास म्हणाला.

सगळे हसले. साडू तर डोळे पुसून पुसून हसला. "तूतुकुडीचे मोथा तुम्ही! तुमच्या घराण्याला मासा ओळखता येत नाही?"

घरी आल्यावर चप्पल काढता काढता बोनिफास बायकोला म्हणाला, "जसिंता, आपण टाकी घ्यायची."

"आहे की गच्चीवर," जसिंता म्हणाली. "हजार लिटरची."

टाकी आली चार फुटी. समुद्रातून प्रवाळ उचलायला कायद्याने बंदी, म्हणून दगड आले सिमेंटचे. मग चेन्नईच्या एका दुकानातून मिठाची बादली आणायला बोनिफास स्वतः गेला. वीस किलो मीठ, थेट परदेशातून आलेलं. येताना बादली मांडीवर घेऊन तो बसमध्ये बसला होता. तूतुकुडी जवळ आलं तसा कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला.

"यात काय आहे?"

"मीठ."

कंडक्टरने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं पसरली होती आणि माणसाच्या दुप्पट उंचीचे मिठाचे ढीग उन्हात चकाकत होते. मग त्याने बोनिफासकडे पाहिलं. "उतरताना जपून," तो हळू आवाजात म्हणाला आणि बाकीच्या प्रवासात त्याच्याशी आजाऱ्याशी वागावं तसा वागला.

घरी सासरे होते. कास्पार मामा, वय एकाहत्तर. तीस वर्षं शंखांसाठी समुद्राच्या तळाशी बुड्या मारलेला माणूस. त्यात डावा कान गेला आणि उजवा मनाला येईल तेव्हा चालायचा. त्यांनी बादली उघडून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

"मीठच आहे," ते म्हणाले. "मापिळ्ळै, समुद्राचं पाणी का नाही आणत? दोन कळश्या मी आणून देतो."

जावयाला ते मापिळ्ळै म्हणत, आणि ते म्हणण्यात किती आदर आहे हे बोनिफासला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

"मामा, त्या पाण्यात काय काय असतं!"

"मासे असतात," मामा म्हणाले.

पुढचा प्रश्न उकाड्याचा. असल्या टाकीतलं पाणी सव्वीस अंशांवर ठेवावं लागतं, आणि तूतुकुडीत सव्वीस अंश हे लोकांनी फक्त ऐकलेलं असतं. तेव्हा पाणी गार करायचं यंत्र आलं. जसिंता तीन वर्षं झोपायच्या खोलीत एसी मागत होती. यंत्राचं खोकं दारात पाहून तिचा चेहरा फुलला आणि वरचं लिहिलेलं वाचून मिटला. त्या यंत्राची गंमत अशी, की ते पाण्यातली उष्णता काढून बाहेर दिवाणखान्यात सोडतं. म्हणजे टाकीत कोडाईकनाल आणि सोफ्यावर भट्टी. पाहुणे येत, पाच मिनिटांत शर्टाची दोन बटणं उघडत आणि निघून जात.

आणि येऊन बघायला होतं तरी काय? पहिले सहा आठवडे आत मासेच नव्हते.

"मासे कुठायत?" शेजारी विचारत.

"पाणी मुरतंय," बोनिफास सांगे.

अखेर पाणी मुरलं. दोन केशरी मासे आले. बटणांसारखे दिसणारे मऊ जीव आले, ज्यांना फुलं म्हटलं की बोनिफास रागवायचा. आणि शेवटी आली राणी. राणी म्हणजे लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक बोटभर कोळंबी. तिच्या मिशा तिच्यापेक्षा लांब. ती माशांच्या अंगावर चढून त्यांना स्वच्छ करायची आणि बोनिफासने हात पाण्यात घातला की त्याची नखंही साफ करायची. त्याची इतकी सेवा आजवर कुणी केली नव्हती. किंमत ऐकून मामांनी फक्त एवढंच विचारलं, "तीन हजारांना एक? सोलून देतात का?"

राणीला येऊन महिना झाला असेल. एका गुरुवारी सकाळी सहा वाजता बोनिफास चहाचा पेला घेऊन टाकीसमोर बसला आणि पेला तसाच हातात राहिला. वाळूवर राणी आडवी पडली होती. रंग उडालेला, मिशा पसरलेल्या, पाय वर.

त्याने तिला हळूच बाहेर काढलं, बशीत ठेवलं आणि वर घडी केलेला स्वच्छ रुमाल टाकला. मग दारापुढच्या ओट्यावर पाय सोडून बसलेल्या मामांजवळ जाऊन म्हणाला, "मामा, ती गेली."

"हं," मामा म्हणाले.

आता शोक करायलाही वेळ नव्हता. टाकीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, टाकीत एक जीव गेला की पाणी नासतं आणि मग बाकीचेही जातात. दिवसभर पाणी बदलायला हवं होतं, तपासायला हवं होतं. म्हणजे रजा हवी. आणि किरकोळ रजा तर सगळ्या चेन्नईच्या फेऱ्यांत संपलेल्या. बोनिफासने बराच विचार केला आणि आपल्या वरच्या अधिकारी षण्मुगवडिवू मॅडमना फोनवर निरोप पाठवला: घरी मृत्यू झाल्याने आज येऊ शकत नाही. (यात खोटं एक अक्षर नव्हतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.) मग बाह्या वर करून तो कामाला लागला. अर्ध्या तासात त्याचा फोन पाण्यात पडला. त्याने जसिंताचा घेतला. तोही पडला.

कचेरीत मॅडमनी निरोप मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हळहळले. मग प्रश्न आला, गेलं कोण? मोथांच्या घरी माणसं तीन.

"मोथा स्वतः नाहीत," एक कारकून म्हणाला, "निरोप त्यांचाच आहे."

"त्यांची मिसेस?"

"त्यांना मी आत्ता मासळीबाजारात पाहिलं. कोळंबी घेत होत्या."

"घरात असं झालेलं असताना?"

"बिचारीला अजून कळलं नसेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे म्हातारे सासरे."

मॅडम रीतीच्या पक्क्या होत्या. त्यांनी मोथाला फोन लावला, लागला नाही. कागदपत्रांत दुसरा नंबर मदुरैच्या साडूचा होता. तो लावला आणि म्हणाल्या, "तुम्हाला कळलंच असेल. तुमचे सासरे..."

साडेबारा वाजता मॅडम पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन, मागे दोन कारकून, मोथांच्या दारात उभ्या राहिल्या. ओट्यावर एक काळासावळा म्हातारा मांडीत परात घेऊन कोळंबी सोलत बसला होता. हा स्वयंपाकाला बोलावलेला माणूस असावा असं समजून मॅडमनी आवाज खाली आणला.

"फार वाईट झालं."

"काय झालं?" म्हाताऱ्याने उजवा कान पुढे केला.

"कास्पार अय्या गेले ना!"

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याने फुलांच्या चक्राकडे पाहिलं. त्यावरच्या रेशमी फितीवर आपलं नाव सावकाश, अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा कोळंबी उचलली.

"केव्हा?"

"आज सकाळी. फार सज्जन होते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मोथाच सांगायचे नेहमी. सासरे म्हणजे देवमाणूस."

"मोथा असं सांगायचा?" म्हातारा परातीत बघत राहिला. "तोंडावर कधी बोलला नाही तो. अजून काय सांगायचा?"

मॅडम उत्तर देणार तेवढ्यात गल्लीत एक गाडी कचकन थांबली आणि तिच्यातून मामांची मदुरैची थोरली मुलगी फिलोमिना केस सोडून, छाती पिटत उतरली, मागोमाग तिचा नवरा, म्हणजे तोच साडू. "अप्पा! मला न भेटताच गेलात हो अप्पा!" असं ओरडत ती धावत ओट्यावर चढली, कोळंबी सोलणाऱ्याच्या गळ्यात पडून तिने हंबरडा फोडला, आणि मग कुणाच्या गळ्यात पडलोय हे लक्षात येऊन आणखी मोठा हंबरडा फोडला.

"एवढी माया होती," मामा तिच्या पाठीवरून ओला हात फिरवत म्हणाले, "तर ईस्टरला का आली नाहीस?"

आवाज ऐकून जसिंता बाहेर आली. तिच्यामागून बोनिफास, कोपरापर्यंत भिजलेला, लुंगी गुडघ्यावर, डोळे लाल. ओट्यावर आपली अख्खी कचेरी आणि मदुरै पाहून तो जागीच खिळला.

"मोथा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे गेलं कोण?"

बोनिफास आत गेला आणि रुमाल झाकलेली बशी घेऊन आला. कारकुनांनी सवयीने माना खाली घातल्या.

"राणी," तो म्हणाला.

जसिंताने कपाळावर हात मारला. साडू मात्र पुढे सरसावला. हा त्याचा प्रांत. "मला वाटलंच होतं! पाण्यात तांबं उतरलं असणार. किंवा क्षार वाढले. नळाचं पाणी घातलंत का? खरं सांगा. या वस्तू सगळ्यांना जमत नाहीत, मी म्हणालोच होतो..." तो पाच मिनिटं बोलला. बोनिफास मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला खरोखर वाटत होतं की आपणच तिला मारलं.

मामा उठले. कोळंबीच्या वासाच्या दोन बोटांनी त्यांनी रुमाल उचलला, राणीला चिमटीत धरलं आणि उजेडात नेलं. तिच्यातून पलीकडची गल्ली दिसत होती.

"हे रिकामं आहे," ते म्हणाले. "कात टाकलीय तिने. मोठी होताना टाकतात. अंग कोवळं असतं म्हणून दिवसभर दगडाखाली लपून बसतात. ही इथली परातीतलीसुद्धा टाकायची."

सगळे आत धावले. त्या भट्टीत आठ माणसांचा घाम गळत असताना, सिमेंटच्या दगडाखालून आधी दोन पांढऱ्या मिशा आल्या आणि मग राणी, कालच्यापेक्षा अंमळ थोरली, नवा कोरा लाल रंग लेऊन. साडूने खोकल्याचं निमित्त केलं.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?" बोनिफास ओरडला. "मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, ती गेली. मला वाटलं जसिंता बाजारात गेली." मामा पुन्हा ओट्यावरच्या परातीकडे वळले. "आणि तुम्ही कधी मला काही विचारलंय? तीस वर्षं मी तिथे खाली होतो."

बोनिफासने बाहेर येऊन परात स्वतःकडे ओढली आणि मामांच्या शेजारी बसून, फार वाईट रीतीने, कोळंबी सोलू लागला. दुपारी आठ पानं उठली. फुलांचं चक्र मामांनी परत द्यायला साफ नकार दिला. नाव आपलं आहे, म्हणाले.

पण मॅडम रीतीच्या पक्क्या होत्या. "मोथा, रजेचं कारण दुरुस्त करून द्या," जेवून हात धुताना त्या म्हणाल्या. "खरं ते लिहा." बोनिफासने खरं ते लिहिलं: घरच्या कोळंबीने कात टाकल्यामुळे गैरसमजातून. कागद चेन्नईच्या मुख्य कचेरीत गेला. तीन आठवड्यांनी उलट टपाल आलं: सदर कोळंबी जिवंत असल्यास तिचा हयातीचा दाखला छायाचित्रासह सादर करावा.

मॅडम स्वतः येऊन दहा मिनिटं टाकीसमोर बसल्या, राणी हलते याची खात्री करून घेतली आणि दाखल्यावर सही केली. फोटो मात्र बोनिफासला घाम फोडून गेला. राणी एका जागी थांबेना. चाळिसेक फोटोंनंतर एक छान आला. त्यात काचेत थोडं त्याचं स्वतःचं तोंडही उमटलं होतं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. उत्तर यायला महिना लागला. कोळंबीची हयात मान्य करण्यात आली होती. खाली शाईने एकच शेरा होता:

"कोळंबीच्या मागे उघडं तोंड करून उभा असलेला इसम कोण, याचा खुलासा व्हावा."