धनुबाईचा पालथा हात

रनाळ्यात कुणाचं हाड मोडलं तर ते भिला आप्पाच्या परवानगीशिवाय जुळत नसे, असं खुद्द भिला आप्पाचंच म्हणणं होतं!

"हाड म्हंजे मन्हा पाळेल बैल शे! मन्हा आवाज वळखस!" असं तो पारावर बसून सांगे. तीस वर्षं त्याने माणसांची हाडं बसवली, गुरांची बसवली, एकदा तर पाटलांच्या पोपटाचा पायही बसवला. पोपट वाचला, पण त्या दिवसापासून त्याने बोलणं सोडलं. आप्पा म्हणे, उपकाराच्या ओझ्याने त्याला शब्द फुटत नाही.

छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. पौषात गल्लीतल्या भटूच्या गाईचा पाय मोडला. पायाला बांधायला मजबूत लाकूड हवं होतं. आप्पाने इकडेतिकडे पाहिलं आणि घरच्याच शिडीची एक पायरी काढून घेतली. बारा पायऱ्या होत्या, अकरा राहिल्या. त्याला वाटलं, पुष्कळ झाल्या! घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

दोन दिवसांनी त्याची बायको धनुबाई माळ्यावरच्या मिरच्या काढायला चढली. चढताना तिने ती रिकामी जागा कशीबशी ओलांडली, पण मिरच्यांचं टोपलं घेऊन उतरताना खालचं दिसेना आणि तिने पाय ठेवला, तो नेमका नसलेल्या पायरीवर! टोपलं एकीकडे, मिरच्या दुसरीकडे आणि धनुबाई उजव्या हातावर जमिनीवर. वाळलेल्या तुरीची काटकी मोडावी तसा आवाज झाला.

आप्पा धावत आला आणि आधी शिडीकडे पाहून ओरडला, "अकरा पायऱ्या शेतस ना! तुले तीच काबर लागनी?"

धनुबाईने हात उचलून दाखवला. तिचा हात कोपर आणि मनगटाच्या मध्येच वाकला होता, जिथे देवाने वाकायची सोय केलेली नाही अशा ठिकाणी.

मग मात्र आप्पाचा चेहरा पडला. घरचंच माणूस! त्याने डोळे मिटून हात चाचपला. त्याच्या बोटांत कसब होतं, हे खोटं नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक करंगळीच्या अंगाला आणि एक अंगठ्याच्या, हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही मोडली होती. शेजारच्या मंगलाबाईने दंड घट्ट धरला, आप्पाने पंजा ओढला, आणि दोन्ही हाडं टक्कन जागेवर आली. धनुबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं, ते फाटलं.

अंड्याचा बलक काढून टाकला, पांढऱ्यात उडदाचं पीठ आणि हळद कालवली, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. वर आणखी पक्कं काम म्हणून हात फळीवर पालथा ठेवून कोपरापासून बोटांपर्यंत करकचून गुंडाळला. पालथा हात फळीवर कसा छान सपाट बसतो!

"अंगठा वर राहू द्या ना," धनुबाई हळूच म्हणाली. "असा हात ठेवा तं आतमा पीळ पडी ऱ्हायना."

"पीळ दोरीले पडस, हाडले नई! गप पडी ऱ्हाय!"

इतरांचे हात आप्पा सव्वा महिन्यात सोडी. हा बायकोचा होता, म्हणून त्याने चांगला अडीच महिने बांधून ठेवला. पट्टी सैल झाली की पुन्हा आवळी. असं प्रेम त्याने बत्तीस वर्षांच्या संसारात तिला कधी दाखवलं नव्हतं.

पाडव्याला पट्टी सोडायची ठरली. आप्पाने गल्लीतल्या लोकांना बोलावून घेतलं. गुढीसमोर फळी सुटली, कामट्या सुटल्या आणि आतून हात निघाला. वाळून काटकी झालेला, पण शाळेतल्या पट्टीसारखा सरळ!

"देखा!" आप्पा म्हणाला. "कोठे मोडेल व्हता ते दखाडा!"

कुणालाच दाखवता येईना. बोटं मिटत होती, उघडत होती. मनगट वरखाली होत होतं. लोकांनी माना डोलावल्या. मंगलाबाई कडुनिंब आणि गुळाची गोळी घेऊन पुढे आली. "ले माय, हात पुढे कर."

धनुबाईने हात पुढे केला. पालथा.

"अवं, उताना कर ना!"

"करीच तं ऱ्हायनू!"

हात फिरेना. धनुबाईने कोपर वर उचललं, खांदा खाली टाकला, कमरेत वाकली, पार एका अंगावर कलंडली, तेव्हा तळवा जेमतेम तिरपा झाला. मंगलाबाईने तेवढ्यात गोळी ठेवली. ती घरंगळून खाली पडली आणि कोंबडीने उचलली. कोंबडीने ती गिळली, आणि तोंड इतकं कडू केलं की सगळी गल्ली हसली. धनुबाईही हसली. मग तिने हाताकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"जखडेल शे," आप्पा घाईने म्हणाला. "तेल लावा का सुटी!"

तेल लावलं. गरम वाळूने शेकलं. हात काही सुटला नाही. मग आप्पाला युक्ती सुचली. ताक घुसळताना रवी इकडून तिकडे फिरते, तर तिच्याच दांड्याला हात बांधला तर? हातालाही फिरावंच लागेल! त्याने धनुबाईचा पंजा दांड्याला बांधला आणि दोरी ओढली. रवी फिरली, हात फिरला नाही, धनुबाई फिरली! डेरा लवंडला. घरभर ताक, आप्पाच्या मिशीत लोणी, आणि म्हैस दारातून आत डोकावून बघते आहे की आपल्या दुधाचं हे काय चाललंय!

गावात आणखी भलतंच सुरू झालं. मंगलाबाईच्या घरी नवी सून आली. तिने हळदीकुंकवाला सुपारी पुढे केली. धनुबाईने घ्यायला हात लांब केला. डोक्यासमोर पालथा पंजा आलेला पाहून सुनेला वाटलं, म्हातारी आशीर्वाद देते आहे! ती पटकन वाकली. आता वाकलेल्या पोरीला काय सांगणार? धनुबाईने आशीर्वाद दिला आणि सुपारी न घेताच घरी आली. दुसऱ्या दिवशी त्या सुनेची दाढदुखी थांबली. तिसऱ्या दिवशी दारात चार बायका, डोक्यावर हात ठेवून घ्यायला!

"देखं?" आप्पा खुलला. "मन्हा बांधेल हातले गुण उना!"

धनुबाई आत गेली.

देवळात तर पुजाऱ्याने तीर्थ तिच्या पालथ्या पंजावर ओतलं, ते बोटांवरून ओघळून गेलं. तिने डावा हात पुढे केला, तर पुजाऱ्याने पळी मागे घेतली. त्यानंतर ती देवळात जाईनाशी झाली.

एके दुपारी आप्पा शेतातून लवकर परतला. धनुबाई चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून जेवत होती. घास उचलता येत होता, पण तोंडापर्यंत नेताना पंजा उलटा पडे आणि भात सांडे. तिने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग ताटावरच वाकून तोंडाने खाऊ लागली, गोठ्यातल्या गाईसारखी. आप्पा उंबऱ्यातच थांबला. तसाच मागे फिरला आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसला. त्या दिवशी पारावर त्याचा आवाज कुणी ऐकला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याने गाडी जुंपली आणि धनुबाईला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्याने हात फिरवून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कुणी बांधला हा?"

"व्हता कोनी एक," आप्पा म्हणाला. "मी शेजारी शे हिना. हिना धनीले काम व्हतं."

धनुबाईने मान वळवून या शेजाऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

डॉक्टरने कपाटातून तारेने जोडलेली हाताची हाडं काढली. खरी, पिवळट हाडं. "बघा. हे करंगळीकडचं हाड जागेवरच राहतं. फिरतं ते अंगठ्याकडचं. तळवा वर असला की दोन्ही शेजारी-शेजारी. आणि पालथा केला की..." त्याने पंजा पालथा केला. अंगठ्याकडचं हाड हळूच वळलं आणि दुसऱ्यावरून तिरकं गेलं. "पाहिलंत? एकावर एक चढली. पीळ पडतो तसा. त्या गाढवाने हात पिळातच बांधला, तोही महिनोन्‌महिने. हाडं तशीच एकमेकांना चिकटली. आता कसा फिरणार?"

आप्पाने ती हाडं हातात घेतली. पंजा उताणा केला, पालथा केला, पुन्हा उताणा केला. तीस वर्षं ज्यांना तो पाळीव बैल म्हणत होता, त्यांना चालताना तो आज पहिल्यांदा बघत होता.

"अंगठा वर ठीसन बांधता, तं?" त्याने विचारलं.

"तर निम्म्याहून जास्त हात फिरला असता."

"गाढवच शे तो!" आप्पा एकदम म्हणाला. "बैल! बैलले तरी अक्कल ऱ्हास! फुटेल मडकं!"

"तुरुंगात घातला पाहिजे."

"घालालेच पाहिजे, साहेब!"

"नाव सांगा त्याचं. मामलेदारांना कळवतो."

आप्पाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मरी गया तो, साहेब," धनुबाई शांतपणे म्हणाली.

"सुटला म्हणायचा," डॉक्टर म्हणाला. हाड पुन्हा मोडून बसवायचं तर मुंबईला न्यावं लागेल, तरी भरवसा देता येत नाही, आहे तेही जाऊ शकतं, असं त्याने सांगितलं. धनुबाईने नाही म्हणून मान हलवली.

परतीच्या वाटेवर गाव दिसू लागलं तेव्हा आप्पा म्हणाला, "माले मारीच टाकं तू."

"मंग काय सांगू? आठे बसेल शे म्हनू?" मग ती म्हणाली, "मी सांगेल व्हतं तुम्हले. पीळ पडी ऱ्हायना म्हनीसन."

"सांगेल व्हतं," आप्पा म्हणाला. एवढंच. तिने पदर तोंडावर ओढला, आणि उरलेल्या वाटेत तो पदर हुंदक्यांनी हलत राहिला. आप्पा समोर बघत बसला. बैलांना हाकायचंही त्याला सुचलं नाही.

त्याने हाडं बांधणं बंद केलं. घरात भाकरी थापायला लागला. एका भाकरीला हात किती वेळा उताणा-पालथा होतो, हे त्याला तेव्हा कळलं. त्याच्या भाकरी कधी पानासारख्या, कधी चपलेसारख्या होत. धनुबाई त्या डाव्या हाताने मोडून मुकाट्याने खाई.

पावसाळ्यानंतर डोंगरातला रूपसिंग आला. मोडलेला हात फडक्यात बांधून दोन दिवस चालत आला होता.

"मी बांधत नई आते," आप्पा म्हणाला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

रूपसिंग ओट्यावरच बसून राहिला. जाणार तरी कुठे? तेवढ्यात धनुबाई बाहेर आली. तिने आप्पाचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि त्याला रूपसिंगसमोर बसवलं.

"वढा," ती म्हणाली. आप्पाने पंजा ओढला. "आते अंगठा वर. आनखी वर. पट्टी ढिली करा, तो माणूस शे, चाऱ्याना भारा नई." आप्पा बांधत गेला, सोडत गेला, पुन्हा बांधत गेला. तिच्या मनासारखं होईपर्यंत त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता. रूपसिंगला उठताना बजावलं तेही तिनेच, "सव्वा महिनामा ये. एक दिवस उशीर करू नको."

सव्वा महिन्याने तो आला. पट्टी सुटली. आप्पाने श्वास रोखला. रूपसिंगने तळवा हळूहळू वर केला, मग खाली केला. पूर्ण नाही, पण फिरला! तो हसत सुटला आणि वाळल्या भोपळ्याच्या तुंबड्यातला मध त्याने धनुबाईच्या डाव्या हातात ठेवला. धनुबाई त्याच्या फिरणाऱ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग आत निघून गेली.

जाता जाता रूपसिंगने आप्पाच्या खांद्यावर तोच हात ठेवला आणि त्याला धीर दिला, "बाई चांगली वैद्य शे. तिना संगे ऱ्हाय, बुढा. तू बी शिकी जाशी!"