रुग्ण प्रतिनिधी बरी झाल्याबाबत

कोणतीही संस्था ज्या माणसांसाठी काढलेली असते, ती माणसं तिच्यापासून जेवढी लांब राहतील तेवढा तिचा कारभार सुरळीत चालतो. शाळा सगळ्यात स्वच्छ दिसते ती मे महिन्यात, आणि एसटी स्टँड संपाच्या दिवसांत. वैरागपासून तीन कोसांवरच्या निंबखडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे तत्त्व सगळ्यांना पटलेलं होतं. रुग्णांनाही पटलं होतं, म्हणून ते सरळ बार्शीला जात.

केंद्रावर लक्ष ठेवायला एक रुग्ण कल्याण समिती होती, आणि समिती चालवायला कनिष्ठ सहायक कुंडलिक वाघमोडे होता. दर तीन महिन्यांनी बैठक व्हावी असा नियम. कुंडलिकच्या अकरा वर्षांच्या नोकरीत चव्वेचाळीस बैठका झाल्या. त्या सगळ्या त्याच्याच टेबलावर, इतिवृत्ताच्या वहीत, अर्ध्या तासाला एक या वेगानं झाल्या (चहा धरून). उपस्थिती शंभर टक्के. एक सभासद मधल्या काळात वारले, तरी पुढच्या सहा बैठकांना ते आले आणि दोन ठरावांना त्यांनी अनुमोदनही दिलं. आपण खोटं लिहितो असं कुंडलिकला कधी वाटलं नाही. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि देखण्या अक्षरात लिहिलेलं खरं वाटतंच, निदान लिहिणाऱ्याला.

गेल्या उन्हाळ्यात वरून परिपत्रक आलं. बैठक यापुढे दरमहा घ्यावी. समितीवर एक रुग्ण प्रतिनिधी असावा. तो प्रत्यक्ष उपचाराखाली असावा. आणि बैठकीचा फोटो, त्यावर ठिकाण आणि वेळ उमटेल अशा बेतानं, मोबाईलवरून पाठवावा. कुंडलिकनं ते दोनदा वाचलं आणि नोकरीत पहिल्यांदा त्याला घाम फुटला. सह्या आणता येतात. तोंडं कुठून आणायची?

फोटोच्या दिवशी सभासद कसेबसे गोळा झाले. सरपंच आले, एक निवृत्त गुरुजी आले, केंद्राचे डॉक्टर संगमेश बिराजदार तर सोलापूरहून चक्क अकराच्या आत आले. रुग्ण तेवढा नव्हता. बाहेर बाकावर सोनाबाई चवरे बसल्या होत्या. वय बासष्ट, अंगात साखर, आणि उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडून झालेली जखम. ती चिघळत चालली होती. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरनं बोट काढावं लागेल, पुढं पायाचंही सांगता येत नाही, असं बजावलं होतं. एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून त्या दिवसाआड इथंच पट्टी बदलायला येत. शबाना सिस्टर पट्टी शोधत होत्या (पट्टी होती, कपाटाची किल्ली नव्हती). तेवढ्या वेळात कुंडलिकनं सोनाबाईंना आत नेऊन रिकाम्या खुर्चीत बसवलं. निवड बिनविरोध झाली.

फोटो दोन मिनिटांत उरकायचा. पण फोनवर ठिकाणच उमटेना. निंबखडीत रेंज पिंपळाच्या पारावर येते आणि समिती खोलीत बसली होती. वीस मिनिटं सगळे मान ताठ करून बसले. वेळ जावा म्हणून गुरुजींनी मागचं इतिवृत्त वाचायला सांगितलं. कुंडलिकनं वाचलं: पाणीपुरवठा समाधानकारक, स्वच्छता समाधानकारक, वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी राहतात.

"कुटलं पानी?" सोनाबाईंनी विचारलं.

त्यांना भांडायचं नव्हतं. आपल्याला न दिसलेला एखादा नळ मागच्या अंगाला असेल, असं त्यांना वाटलं. "म्होरल्या नळाला तर न्हाय. बाळंतीण घरनं कळशी घिऊन येती की."

समितीत याआधी कधी प्रश्न आला नव्हता. वहीत त्यासाठी रकानाही नव्हता. अशा प्रसंगी काय करतात ते कुंडलिक परिपत्रकात शोधू लागला, आणि मुद्दा क्रमांक नऊ त्याच्या तोंडून मोठ्यानं वाचला गेला: रुग्ण प्रतिनिधीने मांडलेल्या विषयावर पंधरा दिवसांत कार्यवाही करून पुढील बैठकीत उत्तर द्यावे, अन्यथा वैद्यकीय अधिकाऱ्याचा खुलासा घ्यावा. नेमकं तेव्हाच फोनला ठिकाण सापडलं. त्या फोटोत सगळी समिती सोनाबाईंकडे बघते आहे आणि सोनाबाई पायाकडे.

तेराव्या दिवशी नळाला पाणी आलं. (दोष चावीत होता. ती कोणी फिरवली नव्हती.)

आपण काही विशेष केलं, असं सोनाबाईंना मुळीच वाटलं नाही. सरकारचा कारभार असाच चालत असणार, अशी त्यांची समजूत झाली: खुर्चीत बसायचं, विचारायचं, मग वस्तू येते. आजवर कुणी विचारलं नसेल, एवढंच. पुढच्या बैठकीत त्यांनी कपाटाच्या किल्लीचं विचारलं. त्याच्या पुढच्या बैठकीत डॉक्टर कितीला येतात ते विचारलं आणि सर्पदंशाचं इंजेक्शन कुठं ठेवतात तेही विचारलं. ते कुठंच ठेवत नव्हते. ते आलं. आल्यावर नवव्या दिवशी ज्वारी काढताना एका बाईला घोणस चावली आणि ती बाई वाचली. केंद्राच्या इतिहासात असं काही घडल्याची नोंद नव्हती, म्हणजे वाचल्याची. चावल्याच्या पुष्कळ होत्या. रोजचे अकरा रुग्ण होते ते नव्वदच्या घरात गेले. कुंडलिक आता जे झालं तेच वहीत लिहू लागला आणि त्याचं अक्षर बिघडलं. खऱ्या गोष्टींना ठरलेलं वळण नसतं.

डॉक्टर बिराजदार हे मुळात सज्जन गृहस्थ. पण त्यांना आता पहाटेच उठून सोलापूर सोडावं लागे. एका दुपारी त्यांनी परिपत्रक स्वतः वाचायला घेतलं. 'प्रत्यक्ष उपचाराखाली असावा' या ओळीशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी शबाना सिस्टरना हाक मारून सोनाबाईंच्या पायाची चौकशी केली.

त्या दिवसापासून सोनाबाईंवर जे उपचार झाले त्याला निंबखडीत तोड नाही. पट्टी डॉक्टर स्वतः बांधत. साखर आठवड्यातून दोनदा तपासत. काय खावं, काय टाळावं याचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला आणि मऊ तळव्याच्या चपला सोलापूरहून स्वतः आणल्या. पट्टी बांधताना ते विचारत, आता तरी बरं वाटतंय ना? त्यांच्या आवाजात एवढी तळमळ असे की सोनाबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं या डॉक्टरानं केलं, असं त्या गावभर सांगत सुटल्या. सातव्या आठवड्यात जखम पूर्ण भरून आली. पाय वाचला, बोटही वाचलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखला लिहिला आणि कुंडलिकला पत्र टाइप करायला सांगितलं. विषय: रुग्ण प्रतिनिधी बरी झाल्याबाबत.

अडचण एवढीच होती की एक प्रश्न अजून लटकलेला होता. केंद्राच्या दारात नवी कोरी रुग्णवाहिका उभी होती, तिला ड्रायव्हर नव्हता. तो कधी येणार, असं सोनाबाईंनी गेल्या बैठकीत विचारलं होतं, आणि उत्तर सोमवारच्या बैठकीत यायचं होतं. परिपत्रकाप्रमाणे, विषय मांडणारं पद रिक्त झाल्यास विषय निकाली निघतो.

गावात बातमी पसरली. लोक सोनाबाईंच्या घरी येऊन गेले. बरी झालीस हे चांगलं झालं, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. सगळे मयतीला आल्यासारखे बसले. ऐन वेळेला असं करायला नको होतंस, असं एका जावेनं सुचवलं. ड्रायव्हर येईपर्यंत चार दिवस अनवाणी रानात फिरावं, फार खोल जायची गरज नाही, असं सरपंचांचं मत पडलं. सोनाबाईंचे मालक धोंडीराम सहसा बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "पाय तुमचा न्हाय."

सोमवारी सकाळी सोनाबाई कुंडलिकच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर विचार केलेला दिसत होता.

"भाऊसाहेब, जखम फिरून उलली तर खुर्ची फिरून मिळती का?"

कुंडलिकनं त्यांच्या पायाकडे बघितलं. उत्तर त्याला पाठ होतं.

"नियमात बसतं, मावशी," तो म्हणाला. "पण तुम्ही चप्पल काढू नका."

मग तोच उठला. दुसरा रुग्ण प्रतिनिधी बैठकीआधी मिळाला तर विषय जिवंत राहणार होता, आणि बाहेर रांगेत सत्त्याऐंशी रुग्ण उभे होते. समितीला हवा होता एक. सोनाबाईंना बरोबर घेऊन तो एकेकाला विचारत निघाला. पहिल्याला आपला ताप तेवढा मोठा नाही असं वाटत होतं. दुसऱ्याला बोलता येत नव्हतं (हे त्यानं पाच मिनिटं समजावून सांगितलं). एकीला घरी विचारावं लागणार होतं. एकजण सरपंचांचा मेव्हणा होता आणि एकाचं सरपंचांशी जमत नव्हतं. दोघांनाही तेवढ्यासाठीच शक्य नव्हतं. बहुतेकांनी मात्र एकच सांगितलं: सोनाबाई हायत की. त्या बऱ्या झाल्यात, असं कुंडलिकनं सांगितलं की लोक त्यांच्याकडे जरा नाराजीनं बघत.

"तुमाला बीपी हाय की, भाऊसाहेब," सोनाबाई म्हणाल्या. "गोळ्या हितल्याच खाताय."

कुंडलिक म्हणाला, कर्मचाऱ्याला बसता येत नाही. असा नियम परिपत्रकात कुठंही नव्हता. परिपत्रक त्याला तोंडपाठ होतं. तो पुढं सरकला.

रांगेत सगळ्यात शेवटी एक शिकलेले गृहस्थ उभे होते. मघापासून ते सगळं ऐकत होते आणि योग्य ठिकाणी हसत होते. सरकारी आरोग्य यंत्रणेचं नेमकं काय चुकतं, ते त्यांनी कुंडलिकला थोडक्यात सांगितलं. लोकांनी पुढं आलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. सोनाबाईंसारखी माणसं आता राहिली नाहीत, याची त्यांना मनापासून हळहळ वाटली. मग कुंडलिकनं त्यांच्यापुढं कागद धरला. ते म्हणाले, "मी इथला नाही हो. सहज आलो होतो."

अकरा वाजता बैठक झाली. ड्रायव्हरचा विषय निकाली निघाला. सोनाबाईंचा पाय ठणठणीत आहे आणि त्या आता केंद्रात येत नाहीत.

त्या गृहस्थांचं नाव कुंडलिकनं विचारलं नाही. आपण इथवर वाचत आलात, चार ठिकाणी हसलातही, म्हणजे तब्येत उत्तम दिसते. समितीला आनंद आहे. आपल्या गावातली खुर्चीही अशीच रिकामी असेल. आपण तिथले नाहीच म्हणा.