पान बत्तीसवरचं पत्र

पुस्तक वाचायला आठ दिवस लागतात आणि त्याची शिफारस करायला अर्धं मिनिट, हे एकदा लक्षात आलं की कोणतीही जबाबदार संस्था काय करील ते उघड आहे. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या वाचक मंडळाने तेच केलं. १९८४ ते १९९१ या काळात मंडळाच्या एकेचाळीस पुस्तकांवर सहाशे बारा शिफारशी झाल्या. (पुस्तक खराब झाल्याची तक्रार एकही नाही. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते घरी जाई, त्यातच परत येई, सुतळीची गाठसुद्धा तीच.)

कार्यपद्धती सुटसुटीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून शिफारसपत्रक डकवलेलं असे. त्यावर एक ओळ लिहून सही करायची. पुढच्याने आधीच्यांच्या ओळी वाचून आपली लिहायची, म्हणजे मतभेद होत नसत. शिफारस मंजूर झाली की हंगामी सभासद कायम होई आणि त्याला खुर्ची मिळे. तोवर सतरंजी.

हरिचंद्र रोकडे चौदा महिने सतरंजीवर होता. कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस, स्वभावाने सज्जन. पण त्याला पुस्तक उघडायची खोड होती. त्याची एक शिफारस मंडळाने परत केली, कारण तीत ‘मधे जरा कंटाळा आला’ असं लिहिलं होतं. त्याला खुर्ची हवी होती. जन्मभर यंत्रापुढे उभं राहिलेल्या माणसाला शिकलेल्यांच्या ओळीत बसावंसं वाटतं, यात चूक काही नाही.

शेवटी त्याला मंडळाची सर्वांत मानाची कादंबरी देण्यात आली. तिच्यावर तेवीस शिफारशी होत्या. ‘अस्वस्थ करून सोडते.’ ‘शेवट काळजात घुसतो.’ ‘तिसऱ्यांदा वाचली.’

बत्तिसाव्या पानावर नायिकेला परागंदा भावाचं पत्र येतं. ती पदराला हात पुसते, पहिली ओळ वाचते आणि उंबऱ्यावरच बसते. तेहतिसाव्या पानावर मजकूर होता : ‘पिल्लांना पहिले आठ दिवस दिव्याची ऊब द्यावी.’ तिथून शेवटच्या पानापर्यंत कोंबड्याच होत्या. (देणगीत आलेली फाटकी प्रत उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या बाइंडरकडे दिली होती, तिथे दोन पुस्तकांच्या फर्म्यांची, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्यांची, अदलाबदल झाली. उरलेली कादंबरी कोंबडीपालनाच्या पुठ्ठ्यात कुठेतरी गेली असणार. तिकडच्या कोंबड्यांचं काय झालं, याची नोंद नाही.)

हरिचंद्रला कोंबड्यांचा राग आला नाही. त्याचा स्वतःचा भाऊ नऊ वर्षांपूर्वी भांडून सुरतेला गेला होता, त्याची चार ओळींची चिठ्ठीही आली नव्हती. त्याला फक्त त्या पत्रात काय होतं ते हवं होतं. त्यापायी त्याची झोप उडाली.

त्याने शाळेतल्या उमाबाईंना विचारलं. त्यांची शिफारस सातवी होती. “मला त्यातलं वातावरणच जास्त भावलं,” त्या म्हणाल्या. अध्यक्ष दिनानाथ यांची पहिली. ते म्हणाले, “रोकडे, सांगितलं तर मजा काय राहिली? तुम्ही वाचा ना.”

घरी त्याची बायको सखू म्हणाली, “तुम्हाला वाचायला सांगितलंय कोणी? सगळे सही करतात, तुम्ही पण करून टाका.”

तरी शनिवारी तो सतरंजीवर उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, यात पुढे सगळ्या कोंबड्या आहेत.”

 मग दिनानाथ शांतपणे म्हणाले, “कोंबड्या आहेत हे आम्हाला माहीत नाही, असं वाटतं का तुम्हाला? लेखकाला त्यातून काय सुचवायचंय ते बघा.” उमाबाईंनाही त्या कोंबड्या फार बोलक्या वाटल्या होत्या. कोंबड्यांना अर्थ असल्याचा ठराव एकमताने झाला आणि हरिचंद्रच्या हातात पेन देण्यात आलं.

त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग लिहिलं : ‘पत्राचा प्रसंग विसरता येत नाही.’ (चोवीस शिफारशींतली एवढीच खरी होती, घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.) खुर्ची मिळाली. कोंबड्यांचा अर्थ लावणारा अभ्यासू सभासद म्हणून पुढे त्याचं नाव झालं.

दोन वर्षांनी बदलापूर गावातून चांगुणाबाई आल्या. कोंबड्या पाळायच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. सतरंजीवर बसून म्हणाल्या, “माज्या कोंबड्यांच्या पुस्तकात मदीच एका बाईची गोष्ट लागली. भावाचं पत्र वाचून ती उठती आन्... पर त्याच्या आदी काय झालं ते न्हाय त्यात. कुनाला म्हाईत हाय का?”

तेवीस माना हरिचंद्रकडे वळल्या. “आमच्या रोकड्यांचा अभ्यास आहे यावर,” दिनानाथ म्हणाले.

“त्या पत्रात...” चांगुणाबाई सांगू लागल्या.

 हरिचंद्र नुसता गप्प राहिला असता तरी पत्रात काय होतं ते त्याला कळलं असतं. पण ऐकताना आपला चेहरा कसा होईल, ते सगळ्यांना दिसलं असतं.

“पुढचं बोलू नका, बाई,” तो म्हणाला. “सांगितलं तर मजा जाईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगुणाबाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा पत्ता कुणी लिहून घेतला नव्हता.

कादंबरीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. दिलं असतं तर तुम्हीही ‘हो हो, वाचलीय’ म्हणाला असता, आणि मग हरिचंद्र तुमच्याकडे पत्रात काय होतं ते विचारायला आला असता.