आबांचा डीव्हीडी प्लेअर

औंढे गावातले आमचे शेजारी आबा डीव्हीडी प्लेअर टॉवेलात गुंडाळून, काखेत मारून हिंडतात. एवढ्यावर भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसतो, आणि आबा ते मशीन थेट माझ्या काउंटरवर आणून ठेवतात, गोठ्याच्या वासासकट. समोर बॅगा घेऊन पाहुणे ताटकळलेले.

“आजबी खात न्हाई रं,” आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात. “फाईल नुसती हुंगतं आन् गप बसतं.”

आबांच्या लेखी यंत्रं म्हणजे जनावरंच. पंप अडून बसतो, ट्रॅक्टर बुजतो. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा एका बाईंनी विचारलं, “तुमचे वडील का?” मी घाईघाईनं म्हणालो, “छे, छे.” आबांनी ते ऐकलं. त्यांनी मशीनवरचा टॉवेल नीट केला.

फाईल एकच, बैलगाडा शर्यतीची, कुणाकडून तरी इंटरनेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली. त्यात पळणारा बादल आबांचाच बैल होता. जत्रेत आंबी गावच्या एकानं त्याची किंमत विचारली. विकायचा नव्हताच, म्हणून आबांनी मिशीला पीळ देऊन अवाच्या सवा आकडा सांगितला. तो माणूस “ठरलं” म्हणाला. चारचौघांत शब्द गेला आणि बादलही गेला.

“मोबाईलवर बघा ना, आबा.”

“त्यो ल्हान पडतो.”

शेवटी त्यांना काउंटरवरून हटवायचं म्हणून मी ती फाईल जुन्या प्लेअरला चालेल अशी बदलून पेनड्राइव्हवर घातली आणि सुट्टीच्या दिवशी लावून द्यायला गेलो. टीव्ही घरात नव्हताच. गोठ्यात, गव्हाणीपलीकडे एका पिंपावर ठेवला होता. समोर बादलचा जोडीदार हरण्या, बरगड्या निघालेला. पुढ्यातली वैरण तशीच.

“जोडीदार गेल्यापास्नं खात न्हाई,” आबा खाली बघत म्हणाले. “डाक्टर म्हनला, रोग काय न्हाई. म्हनलं, ह्याला निदान दिसंल तरी.”

एरवी मी हसलो असतो. पण काउंटरवरचं ते “छे, छे” आठवलं आणि मान वर करवेना.

फाईल चालली. धुरळ्यातून बादल सुटला. हरण्यानं कान टवकारले, दावं ताणून दोन पावलं पुढे आला.

“आबा, बघतोय बघा तो,” मी म्हणालो.

आबा टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

“त्याला बघू दे,” ते म्हणाले. “मी कंच्या तोंडानं बघू?”